बदरुद्दीन तय्यबजी : आधी काम, मग खुर्ची

आपल्याकडे अंजुमन, जमात, ट्रस्ट, वेल्फेअर कमिटी यांची कमतरता नाही. एकेका मोहल्ल्यात तीन-तीन संस्था सापडतात. सदर व्हायला दहा जण पुढे येतात, पण मीटिंगची नोंद लिहायला आणि हिशोब ठेवायला माणूस शोधावा लागतो. अशा वेळी मला मरहूम बदरुद्दीन तय्यबजी यांची आठवण होते. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष एवढीच त्यांची ओळख आपल्या मुलांना पाठ असते. परीक्षेत एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. खरं तर संस्था कशी चालवावी, हे शिकायचं असेल तर त्यांचं आयुष्य नीट वाचायला हवं.

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील तय्यब अली हे खंभातहून आलेल्या घराण्यातले व्यापारी, सुलेमानी बोहरा जमातीचे. मुस्लिम समाजात बोहरा थोडे, आणि बोहऱ्यांत सुलेमानी त्याहून थोडे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. इंग्रजी शिकलं की दीन जातो, असं अनेकांना वाटण्याच्या त्या काळात तय्यब अलींनी मुलांना विलायतेला पाठवलं. थोरले भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बदरुद्दीन १८६० मध्ये गेले. मध्येच डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना परत यावं लागलं. बरं वाटताच पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊनच आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

वकिली चांगली चालू लागली. एवढ्यावर थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेत निवडून गेले आणि १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. सोबत भाऊ कमरुद्दीन होते, कोकणी मुस्लिमांमधले नाखुदा महंमद अली रोगे होते, मुन्शी गुलाम महंमद होते. मुंबईत तेव्हा कोकणी, मेमन, खोजा, बोहरा, दखनी असे सगळे आपापल्या जमातीत राहत. एकाच्या मदरशात दुसऱ्याचं मूल सहसा दिसत नसे. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचं, तेही सर्वांत लहान जमातीतल्या माणसाने, हे सोपं नव्हतं. बदरुद्दीन यांनी मसलकाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि शाळेचा प्रश्न पुढे आणला. शाळा सगळ्यांनाच हवी होती. त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही.

ती शाळा उघडायला १८८० साल उजाडलं. संस्था स्थापन होऊन सहा वर्षं गेली होती! चंदा गोळा करा, शिक्षक शोधा, सरकार आणि पालिकेकडे अर्ज करा, पालकांची समजूत काढा, या सगळ्यात ती वर्षं गेली. या काळात बदरुद्दीन सचिवाचं काम पाहत होते. अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं ते १८९० च्या सुमारास. म्हणजे आधी दीड दशक फायली सांभाळल्या, मग खुर्ची मिळाली. बोरीबंदर स्टेशनसमोरची अंजुमनची देखणी इमारत १८९३ मध्ये उभी राहिली. आजही लोकलमधून उतरलेली हजारो माणसं तिच्यावरून जातात.

दुसरी भूमिका पुलाची. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात हे त्रिकूट प्रसिद्ध होतं. कौमचं काम आणि शहराचं काम यांत त्यांना विरोध दिसला नाही. मुस्लिमांच्या शाळेसाठी अर्ज करणारा हाच माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्या हिंदी लोकांच्या हक्कांसाठी बोलत असे.

खरी कसोटी १८८७ च्या डिसेंबरात लागली. मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. नेमक्या त्याच दिवसांत लखनौमध्ये सर सय्यद अहमद खान मुस्लिमांना काँग्रेसपासून दूर राहायला सांगत होते. अलीगढचं कॉलेज उभं करणारे सर सय्यद म्हणजे तालीमच्या कामातले बुजुर्ग. त्यांच्याविरुद्ध उभं राहणं सोपं नव्हतं. दोघांत पत्रव्यवहार झाला, अदब राखून झाला, पण मतं जुळली नाहीत. बदरुद्दीन यांचं म्हणणं असं की बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत जाऊन आपली बाजू मांडावी. ज्या विषयाला मुस्लिम प्रतिनिधी जवळजवळ एकमताने विरोध करतील तो काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, असा नियम त्यांनी आग्रहाने मांडला आणि १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने तो स्वीकारला.

तरीही त्याच वर्षी त्यांनी काँग्रेसचे सचिव ह्यूम यांना कळवलं की बहुसंख्य मुस्लिम विरोधात आहेत, तेव्हा अधिवेशनं निदान पाच वर्षं थांबवावीत. काहींना ही माघार वाटते. मला ती माघार वाटत नाही. नेत्याचं स्वतःचं मत एक असतं आणि समाजाचं दुसरं, असं अनेकदा होतं. तेव्हा समाजाचं मत लपवून, सगळे माझ्यामागे आहेत असं वर सांगणं सोपं असतं. बदरुद्दीन यांनी कडू वाटलं तरी खरं काय ते कळवलं. सल्ला मानला गेला नाही, पण खोटा हिशोब त्यांनी दिला नाही.

घरातही तेच. मुलींच्या तालीमबद्दल सभेत बोलायचं आणि स्वतःच्या मुली घरात बसवायच्या, असं त्यांनी केलं नाही. आपल्या मुलींना शाळेत घातलं, पुढे दोघींना शिक्षणासाठी विलायतेलाही पाठवलं. नातलगांत, जमातीत कुजबुज झाली असणारच.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, या पदावरचे पहिले मुस्लिम. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामिनाचे आधीचे अर्ज फेटाळले गेले होते. बदरुद्दीन यांच्यासमोर अर्ज आला तेव्हा त्यांनी जामीन दिला. सरकार नाराज होईल याची त्यांना कल्पना नसेल असं थोडंच आहे? १९०२ मध्ये ते काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीशही होते. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. ही परिषद सुरू केली होती सर सय्यद यांनी. मतभेद राजकारणाचे होते, तालीमच्या कामात ते आड आले नाहीत.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

सव्वाशे वर्षं होत आली, अंजुमनच्या शाळा-कॉलेजांत आजही मुलं-मुली शिकत आहेत. आपल्या कमिटीची पुढची निवडणूक येईल तेव्हा उमेदवाराला एवढंच विचारा : गेल्या पाच वर्षांत तुम्ही संस्थेचं कोणतं काम खुर्चीशिवाय केलंत?