रंग ओळखता येत नव्हते म्हणून चित्रकला सोडली, पुढे माळरानावर कारखाना उभा केला

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा एक पोरगा चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला आला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायलाही लागला. पण पुढं कळलं की काही रंग त्याला नीट ओळखताच येत नाहीत.

हा पोरगा म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा.

रंग नाहीत तर नाहीत, त्यांनी यंत्रांची ड्रॉइंग शिकून घेतली. तिथंच मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायला लागले. यंत्रं हाताळायची सवय तिथलीच. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात भाऊ रामूअण्णांच्या जोडीनं सायकलींचा धंदा होता. पण लक्ष्मणरावांचा जीव यंत्रात. मग कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आले. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

त्यातच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. १९१० साली तिथं कारखाना सुरू झाला. हीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

पण निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर तयार कारागीर कुठून मिळणार?

लक्ष्मणरावांनी आधी माणूस निवडला, काम नंतर शिकवलं. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. शंभोराव जांभेकरही इंजिनिअर म्हणून उभे राहिले. एकेकाळी दरोडे घालणाऱ्यांच्या हातात तर रात्रीची राखणच दिली.

स्वतः चित्रकार, मास्तर, सायकलवाला आणि कारखानदार असा प्रवास केलेल्या माणसाला ठाऊक होतं, की हाताला नवं काम शिकवता येतं. फक्त शिकेपर्यंत कुणीतरी थांबायला हवं.

१९५६ साली लक्ष्मणराव गेले. आज कामावर घेताना आधी अनुभव विचारला जातो. किर्लोस्करवाडीत तो अनुभव कारखान्यातच मिळत होता.