मक्तेदारीशी झुंजलेले सोलापूरचे वालचंद शेठ

जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने देशातच घडावीत, असा ध्यास घेणारे शेठ वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरचे सुपुत्र. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी येथील गुजराती जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय. परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि बांधकाम क्षेत्रात पाय रोवले.

त्यांची खरी कसोटी लागली ती समुद्रावर. १९१४ मध्ये पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य जहाज कंपन्यांचे विलीनीकरण झाले होते. लॉर्ड इंचकेप यांच्या हाती एकवटलेल्या या सत्तेपुढे भारतीय व्यापारी हतबल होता. ठरावीक मुदतीत अन्य कोणाच्याही जहाजातून माल न पाठविणाऱ्यालाच भाड्यातील सूट नंतर परत मिळे. परक्या जहाजातून एकदा जरी माल पाठविला, तरी साठलेली सूट बुडे. नवी कंपनी उभी राहताच भाडे पाडायचे आणि ती बुडाली की पुन्हा वाढवायचे, हा ठरलेला डाव. तुतिकोरीनच्या चिदंबरम पिल्ले यांची स्वदेशी जहाज कंपनी या भाडेयुद्धात आधीच चिरडली गेली होती.

हे ठाऊक असूनही वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. भाडेयुद्ध अपेक्षेप्रमाणे पेटले. कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आला, तो नाकारला गेला. मात्र १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात सिंदियाच्या जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा आली आणि प्रवासी वाहतुकीचे दार बंद झाले. वालचंदांना हा करार सलत राहिला. पण कंपनी जगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर तिची धुरा त्यांच्याकडे आली.

१९३९ मध्ये अमेरिकी विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांची भेट झाली आणि त्यांनी आकाशाकडे लक्ष वळविले. म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४१ मध्ये तेथून हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान उडाले, पाठोपाठ १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. परंतु जपानी फौजा पूर्वेकडून सरकत येताच सरकारने त्याच वर्षी वालचंदांचे भाग विकत घेतले. विशाखापट्टणमच्या गोदीतून १९४८ मध्ये ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. १९५२ मध्ये तीही सरकारकडे गेली. मुंबईतील प्रीमियर ऑटोमोबाइल्स तेवढी घराण्याकडे राहिली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

१९६४ मध्ये बंगळूरची कंपनी एरोनॉटिक्स इंडिया या दुसऱ्या सरकारी कंपनीत विलीन होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स जन्मली. देशी लढाऊ विमान म्हणजे हीच एक कंपनी, असे समीकरण त्यानंतर कित्येक दशके टिकले. विमानवेड्या तरुणांना आणि खुद्द हवाई दलालाही निवडीसाठी दुसरा देशी कारखाना उरला नाही. मक्तेदारीशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाच्या कारखान्यातूनच ही मक्तेदारी उभी राहिली, हा दैवदुर्विलासच. त्यातही न्यायाने सांगायचे, तर स्वतः वालचंदांनाही किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव हवी होती. दुबळ्याला संरक्षण द्यावे, पण ते बळकटाचे कुंपण केव्हा होते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून आजही समोर उभा राहतो.