रात्रंदिवस वाजणारा कान

गणपती विसर्जनाच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर दोन तास नाचून घरी आलात, लाइट बंद करून आडवे झालात, की कानात काय होतं आठवतंय? सूंऽऽऽ. बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी. खोलीत चिडीचूप, आवाज फक्त तुमच्या डोक्यात. बहुतेक वेळा सकाळपर्यंत तो जातो आणि आपण विसरूनही जातो.

आता समजा, तो गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. आणि समजा, तुमचं वय सत्तावीस-अठ्ठावीस आहे आणि तुमची भाकरी, तुमचं नाव, सगळं कानावरच चालतं.

लुडविग व्हान बीथोव्हेनचं नेमकं हेच झालं.

वेस्टर्न क्लासिकलच्या वाटेला तुम्ही कधी गेला नसाल, तरी हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. पाचव्या सिम्फनीची ती सुरुवातीची चार सुरांची धडक तुम्ही कुठल्या ना कुठल्या जाहिरातीत ऐकलेली असते. ‘फ्युर एलिझ’ तर कुणाच्या तरी रिंगटोनमध्ये असतंच. तो बहिरा होता, हेही आपल्याला क्विझमुळे माहीत असतं. पण बहिरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शांतता येते. बीथोव्हेनच्या वाट्याला ती शांतता आली नाही. ऐकू येणं कमी होत गेलं आणि आतला आवाज मात्र दिवसरात्र चालू राहिला. याला आज टिनिटस म्हणतात, आयुर्वेदातला शब्द कर्णनाद.

तो मूळचा जर्मनीतल्या बॉनचा. १७ डिसेंबर १७७० ला त्याचा बाप्तिस्मा झाला. बाप दरबारातला गायक, दारुडा. आई १७८७ मध्ये गेली आणि धाकट्या भावांची जबाबदारी याच्यावर पडली. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला आला आणि थोड्याच वर्षांत तिथल्या सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यांत पियानोवर त्याचा दबदबा झाला. सगळं मनासारखं चाललेलं असताना, १७९८ च्या सुमाराला कान बिघडायला लागले.

त्याने केलं काय? लपवलं. तुम्ही-आम्ही काय वेगळं करतो म्हणा! १८०१ च्या जूनअखेरीस त्याने बॉनमधल्या जुन्या मित्राला, डॉक्टर वेगलरला पत्र लिहून पहिल्यांदा मन मोकळं केलं. कानात रात्रंदिवस शिट्ट्या आणि गुणगुण चालू असते. नाटकगृहात वाद्यवृंदाच्या अगदी जवळ बसावं लागतं. जरा लांब गेलं की वाद्यांचे वरचे सूर हरवतात. कुणी हळू बोललं तर आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. आणि कुणी ओरडून बोललं की ते सहन होत नाही. जवळपास दोन वर्षं त्याने लोकांत मिसळणं टाळलं होतं, कारण मला ऐकू येत नाही हे सांगायचं कसं? दुसरा कुठला धंदा असता तर एक वेळ चाललं असतं. संगीतकाराने हे कबूल केल्यावर शत्रू काय म्हणतील, याची त्याला धास्ती होती. दोनच दिवसांनी अमेंडा नावाच्या दुसऱ्या मित्राला त्याने तेच कळवलं आणि कुणाला सांगू नकोस, अशी गळ घातली.

उपचारही झाले. कानात बदामाचं तेल, डॅन्यूबच्या पाण्याने अंघोळी, दंडांवर एका झाडाची साल बांधून फोड आणणं. फोडांमुळे कित्येक दिवस हात वापरता येईनात. पियानो वाजवणाऱ्याचे हात!

मग १८०२ मध्ये डॉक्टर श्मिट यांनी सांगितलं, कानांना विश्रांती द्या, गावात जाऊन राहा. तो व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या लहानशा गावात गेला. शेतं, द्राक्षमळे, शांतता. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, पण आजचे कानाचे डॉक्टर टिनिटसच्या पेशंटला नेमकं उलटं सांगतात. बाहेरचा आवाज जितका कमी, तितकी आतली शिट्टी मोठी वाटते. कानाकडून कमी माहिती मिळायला लागली की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो आणि त्या वाढवलेल्या व्हॉल्यूममध्ये ही खरखर ऐकू येते, असं मानलं जातं. म्हणून रात्री पंखा चालू ठेवा, हलकं संगीत लावा, असं सुचवतात. बीथोव्हेनला मिळाली होती नुसती शांतता.

त्याच दिवसांतला एक प्रसंग त्याचा शिष्य फर्डिनंड रीस याने लिहून ठेवलाय. दोघं फिरायला गेले होते. दूर रानात एक मेंढपाळ पावा वाजवत होता, छान वाजवत होता. रीसने सहज गुरूचं लक्ष तिकडे वेधलं. बीथोव्हेन थांबून ऐकत राहिला, त्याला काहीच ऐकू येईना. मग रीसने बिचाऱ्याने, मलाही आता येत नाही, अशी थाप मारली. उपयोग झाला नाही. गुरू गप्प झाला आणि परत येईपर्यंत उदासच राहिला.

ऑक्टोबर १८०२ मध्ये त्याने दोन भावांच्या नावे एक लांबलचक पत्र लिहिलं. लोक मला माणूसघाणा, तिरसट समजतात, पण त्यामागचं कारण त्यांना ठाऊक नाही, हा त्याचा सूर. मेंढपाळाच्या पाव्याचा अपमानही त्यात आहे. जगणं संपवावं इथपर्यंत मन गेलं होतं आणि आपल्यात अजून जे संगीत आहे ते बाहेर काढल्याशिवाय जायचं नाही, एवढ्या एका गोष्टीने अडवलं, हेही त्यात आहे. हे पत्र त्याने पाठवलं नाही. जवळ ठेवून दिलं.

त्यानंतर तो शहरात परतला आणि कामाला लागला. पुढच्या दोनेक वर्षांत ‘इरॉइका’ सिम्फनी झाली. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती १८०६ मधली एक गोष्ट, जी क्विझमध्ये कधीच विचारत नाहीत. तंतुवाद्यांच्या एका रचनेचं कच्चं टिपण करताना त्याने त्याच कागदावर स्वतःसाठी लिहून ठेवलं, की आपलं बहिरेपण आता गुपित राहू दे नको, कलेतसुद्धा नको. पहिल्या शिट्टीपासून इथपर्यंत यायला त्याला आठेक वर्षं लागली. कान काही बरे झाले नव्हते. लपवण्यात जाणारी ताकद मात्र वाचली असणार.

म्हणजे पुढे सगळं सुरळीत झालं का? छे. १८०९ मध्ये नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर धडाडत होत्या तेव्हा तो भावाच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता. उरलंसुरलं ऐकणं तरी वाचावं म्हणून! मेल्झेल नावाच्या कारागिराने त्याला कानाला लावायचे कर्णे बनवून दिले. १८१४ नंतर लोकांसमोर पियानो वाजवणं जवळपास थांबलं. १८१८ पासून भेटायला येणारे लोक वहीत लिहून बोलायला लागले. त्यातल्या शंभराहून जास्त वह्या आजही आहेत. गंमत म्हणजे तो स्वतः बहुतेक वेळा तोंडानेच उत्तर द्यायचा, त्यामुळे वह्यांमध्ये पाहुण्यांची बाजू आहे आणि त्याची गायब. फोनवर बोलणाऱ्याचं एकाच बाजूचं ऐकावं तसं.

७ मे १८२४ ला नववी सिम्फनी झाली. टाळ्यांचा कडकडाट चालू होता आणि हा लोकांकडे पाठ करून उभा. शेवटी गायिका कॅरोलिन उंगरने त्याला वळवलं, तेव्हा त्याला टाळ्या दिसल्या.

एवढं सगळं कशामुळे? यावर डॉक्टरांचा वाद आजही चालू आहे आणि त्यात एक नाव सारखं येतं, ओटोस्क्लेरोसिस. शाळेत पाठ केलेली हातोडा, ऐरण, रिकीब ही कानातली तीन हाडं आठवतात ना? त्यातलं रिकीब शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ओटोस्क्लेरोसिसमध्ये त्याच्याभोवती नको ती हाडाची वाढ होते आणि ते जागीच जाम होतं. मग आवाज आत पोचत नाही. तरुणपणी सुरू होणारा, हळूहळू वाढणारा आणि बऱ्याचदा टिनिटस सोबत आणणारा हा आजार. बीथोव्हेनशी बरंच जुळतं. पण वरचे सूर आधी जाणं, ओरडणं असह्य होणं, हे अंतर्कर्ण बिघडल्याचं लक्षण. २७ मार्च १८२७ ला, म्हणजे मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं, तेव्हा त्याच्या श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या. ओटोस्क्लेरोसिस अंतर्कर्णापर्यंत पसरूही शकतो, असं म्हणणारे आहेतच. २०२३ मध्ये त्याच्या केसांवरून जनुकं तपासली, त्यातही बहिरेपणाचं कारण सापडलं नाही.

आज रिकीब काढून त्या जागी बारीकसा कृत्रिम दांडा बसवतात. ही शस्त्रक्रिया १९५६ पासून होते आहे. ऐकू येणं बहुतेकांचं सुधारतं, कानातली शिट्टी अनेकांची कमी होते, सगळ्यांची नाही. त्यामुळे तुमच्या कानातली सूंऽऽऽ आठवडाभरात गेली नाही, किंवा एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं, तर इअरफोनला दोष देत बसू नका, ईएनटीकडे जा. ऐकणं अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी. आणि त्या आवाजाने झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर तेही डॉक्टरला सांगा, घरच्यांना सांगा.

१८०२ चं ते पत्र बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत सापडलं. पुढची पंचवीस वर्षं तो सतत घरं बदलत राहिला होता, पण ते त्याने हरवू दिलं नव्हतं. त्यात त्याने भावांना एक काम सांगितलं होतं. मी गेल्यावर डॉक्टर श्मिट जिवंत असतील तर त्यांना माझ्या आजाराचं वर्णन लिहायला सांगा आणि ते या कागदांना जोडा, म्हणजे निदान मेल्यावर तरी लोकांचा माझ्यावरचा राग जाईल. श्मिट १८०९ मध्येच वारले होते. शवविच्छेदनाच्या वेळी कानाभोवतालची हाडं पुढच्या तपासणीसाठी काढून ठेवली होती. ती नंतर हरवली.