तळ्यातल्या थेंबापासून प्लेगच्या लशीपर्यंत : वाल्डेमार हाफकिन



मध्यंतरी पाचवीच्या वर्गात लसीकरणाचा विषय चालू होता. एका मुलाने हात वर केला. त्याच्या वडिलांनी पैठणकडच्या शेतात शेततळं केलंय आणि त्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली होती. माशांना उवा झाल्या आणि बरेच मासे गेले. माणसांना लस असते, गाई-म्हशींना असते, मग माशांना का नसते, असं त्याने विचारलं. वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण उत्तर मलाही नीट येत नव्हतं.

घरी येऊन वाचत गेले आणि वाटेत एक माणूस भेटला. त्याचं नाव तुम्ही परळच्या हाफकिन संस्थेमुळे नक्की ऐकलं असेल. पण त्याच्या कामाची एक महत्त्वाची सुरुवात पाण्याच्या थेंबातल्या रोगापासून झाली, हे मला माहीत नव्हतं. आज त्याचीच गोष्ट.

बालपण व शिक्षण

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात त्यांना मेचनिकोव्ह नावाचे गुरू मिळाले. मेचनिकोव्ह म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ. यासाठी त्यांनी डाफ्निया या पाण्यातल्या बारीक जीवाचाही अभ्यास केला होता. आपण मत्स्यपालनात माशांच्या पिल्लांना खाद्य म्हणून वापरतो तोच हा डाफ्निया! आक्रमण करणारा परजीवी आणि त्याच्याशी लढणारं शरीर, हा विषय हाफकिन यांना गुरूकडूनच मिळाला असं म्हणता येईल.

पण दिवस वाईट होते. ज्यू वस्त्यांवर हल्ले होत होते. वस्ती वाचवण्यासाठी तरुण हाफकिन पुढे झाले, जखमी झाले, तुरुंगातही गेले. गुरूंनी खटपट करून त्यांना सोडवलं. पुढे प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी तो बदलला नाही आणि देश सोडला.

ग्रंथपाल ते संशोधक

1889 मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. जागा कोणती मिळाली? ग्रंथालयातली! दिवसभर पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा.

ते पाहत होते पॅरामेशियम. डबक्यातल्या पाण्यात सापडणारा हा एकपेशीय जीव. विज्ञानाच्या पुस्तकातलं चपलेच्या तळव्यासारखं त्याचं चित्र तुम्हाला आठवत असेल. एवढा बारीक जीवसुद्धा आजारी पडतो, त्याच्या केंद्रकात जिवाणू घुसून वाढतात, हे हाफकिन यांनी बारकाईने पाहिलं. 1890 मध्ये त्यांनी अशा 3 प्रकारच्या जिवाणूंची नोंद केली.

गंमत बघा. तळ्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी हा याच पॅरामेशियमचा दूरचा नातेवाईक आहे. म्हणजे मासा त्या जीवाचं घर होतो आणि पॅरामेशियम जिवाणूचं. आजार ही फक्त माणसाची गोष्ट नाही, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

लस म्हणजे शरीराचा सराव

पुढे हाफकिन कॉलऱ्याकडे वळले. आपण मुलांना परीक्षेआधी सराव देतो ना, तसंच लशीचं असतं. जंतू कमजोर करून किंवा मारून शरीरात सोडायचा. शरीर त्याला ओळखायला शिकतं, आणि खरा जंतू आला की तयारीत असतं. लस तयार झाल्यावर पहिलं इंजेक्शन कोणाला द्यायचं? 18 जुलै 1892 रोजी हाफकिन यांनी ते स्वतःलाच टोचून घेतलं. 1893 मध्ये ते भारतात आले आणि कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये, चहाच्या मळ्यांत फिरून लस देऊ लागले.

मुंबईतला प्लेग

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णता देऊन मारायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. तूप! आपल्या स्वयंपाकघरातली वस्तू प्रयोगशाळेत कामाला आली.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, दुखलं, पण ते सावरले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या कैद्यांपैकी काहींना लस दिली, काहींना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग खूपच कमी झाला.

इथे मी वाचता वाचता थांबले. आपल्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेल्या. लशीच्या त्या पहिल्या इंजेक्शननंतर बरोबर दोन महिन्यांनी. औषध जन्माला आलं होतं, पण सगळ्यांपर्यंत पोहोचायचं होतं. दोन महिन्यांची किंमत काय असते, हे आपण शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

लोक घाबरत होते, अफवाही भरपूर होत्या. तरुण आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि कामासाठी जागाही दिली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

एक चिमटा आणि पाच वर्षं

30 ऑक्टोबर 1902. पंजाबमधलं मलकोवाल गाव. 107 जणांना लस दिली गेली. त्यातले 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

तरी दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर ठेवला गेला. त्यांना कामावरून दूर केलं. खरं तर गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण मुलांना शिकवतोच. पण हे पटायला 1907 साल उजाडावं लागलं. मलेरियावर काम करणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा ते निर्दोष ठरले. ते परत कोलकात्याला आले, पण पूर्वीसारखं मोठं काम पुन्हा हाती आलं नाही. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले. त्याआधी 1925 मध्ये मुंबईच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं होतं, एवढंच समाधान.

आणि त्या मुलाचं उत्तर?

माशांनाही रोगप्रतिकारशक्ती असते. अंगावरचा बुळबुळीत थर ही त्यांची पहिली भिंत. आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी असतात आणि प्रतिपिंडंही तयार होतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगातून वाचलेल्या माशाला तो रोग पुन्हा सहसा होत नाही, म्हणजे मासाही शिकतो! मारलेल्या जंतूंची लस माशांना देऊन पाहण्याचा प्रयोग 1942 मध्येच कॅनडात ट्राउट माशांवर झाला होता. आज काही जिवाणूंविरुद्ध माशांच्या लशी वापरात आहेत. मूळ कल्पना तीच, हाफकिन यांनी मुंबईत वापरलेली.

उवा मात्र अवघड. अर्गुलस ही उ माशाच्या बाहेरून चिकटून रक्त पिते. ती जिवाणूपेक्षा कितीतरी मोठी आणि गुंतागुंतीची, त्यामुळे तिच्याविरुद्ध लस बनवणं सोपं नाही. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत त्यावर काम झालेलं आहे. तोपर्यंत साधा उपाय म्हणजे तळ्यात बांबू किंवा फळ्या सोडायच्या. उवा त्यावर अंडी घालतात. दर काही दिवसांनी त्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवायच्या. नवीन बोटुकली सोडण्याआधी नीट तपासायची आणि तळ्यात गर्दी करायची नाही.

हे सगळं दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. त्या मुलाने बांबूचा उपाय वहीत लिहून घेतला, वडिलांना दाखवायला.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

1. डबक्यातलं पाणी काचेच्या बरणीत ठेवून भिंगातून निरीक्षण करणे. नंतर हात साबणाने धुणे.
2. मुलांनी घरी आपलं लसीकरण कार्ड पाहून कोणत्या लशी झाल्या त्याची यादी करणे.
3. मलकोवालच्या घटनेवर गटचर्चा : चूक झाली तर आधी कारण शोधायचं की माणूस?

तिसरा उपक्रम नक्की घ्या. वर्गात खडू मोडला, काच फुटली की आपणही आधी नावच विचारतो. हाफकिन यांची पाच वर्षं तशीच गेली.

आणि पालकांनो, मुलाने विचित्र प्रश्न विचारला तर हसू नका. तळ्यातल्या आजारी जीवाकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिलं होतं, म्हणूनच पुढे माणसं वाचली.