विश्लेषण : पीतज्वराची लस शोधणारे मॅक्स थायलर कोण होते? गर्भवतींना ती का टाळतात?

आफ्रिकेतील अनेक देशांत जायचे तर पासपोर्टसोबत ‘यलो फीव्हर’ म्हणजेच पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. डासांमुळे पसरणाऱ्या या जीवघेण्या आजारावरची आजही वापरात असलेली लस १९३७ची आहे. ती मॅक्स थायलर यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली.

थायलर यांचा जन्म १८९९ साली आजच्या दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाचा. वडील अर्नोल्ड हे नावाजलेले पशुवैद्यक शास्त्रज्ञ. लंडनमध्ये शिकून थायलर १९२२ मध्ये अमेरिकेतील हार्वर्डला गेले. पीतज्वरावर काम करता करता त्यांना स्वतःलाच तो झाला. सुदैवाने ते बचावले.

१९३० पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनमध्ये होते. आजच्या घानामधील असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून मिळालेला विषाणू त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवला. या पेशींतून मेंदू आणि मज्जारज्जूचा भाग काढून टाकलेला असे. शंभरेक फेऱ्यांच्या सुमारास विषाणूचा जोर ओसरला, पण प्रतिकारशक्ती जागवण्याची त्याची ताकद टिकली. हीच ‘१७-डी’ लस. तिच्यासाठी थायलर यांना १९५१ मध्ये नोबेल मिळाले.

खरी अडचण इथेच आहे. हा विषाणू दुबळा झाला असला तरी जिवंत आहे. आईला दिलेली लस पोटातल्या बाळापर्यंत पोहोचली तर?

हे तपासायला गर्भवतींना मुद्दाम टोचून पाहणे कोणालाही परवडणारे नव्हते. त्यामुळे माहिती मिळाली ती साथींच्या गडबडीत लस घेतलेल्या महिलांकडून. नायजेरियात १९८६च्या साथीत लस घेतलेल्या १०१ गर्भवतींचा अभ्यास झाला. बाळांना अपाय दिसला नाही, पण जेमतेम ३९ टक्के महिलांमध्येच प्रतिकारशक्ती तयार झाली. त्यातल्या बहुतेकींनी शेवटच्या तिमाहीत लस घेतली होती. ब्राझीलमध्ये २००० सालच्या मोहिमेत दिवस गेल्याचे ठाऊक नसताना अनेकींनी लस घेतली. तिथे तपासलेल्या ४४१ महिलांपैकी ९८ टक्के सुरक्षित झाल्या होत्या आणि बाळांमध्ये व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

थायलर १९७२ मध्येच गेले. यातला एकही अभ्यास त्यांच्या हयातीतला नाही.

आज गर्भवतींना ही लस सरसकट दिली जात नाही. साथ सुरू असेल किंवा प्रवास टाळताच येत नसेल, तर डॉक्टर धोका तोलून निर्णय घेतात. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांबाबतही हीच काळजी घेतली जाते, कारण २००९ मध्ये ब्राझीलमधील एका नवजात बाळाला आईच्या दुधातून लशीतला विषाणू गेल्याचे आढळले होते.