पेशीचा श्वास शोधणाऱ्या कमलाबाई
मुलगी म्हणून १९३३ साली कमला भागवत यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर शिरल्या. मग तिथे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. केंब्रिजमध्ये त्यांना बटाट्यात सायटोक्रोम-सी आढळले. १९३९ मध्ये पीएच.डी. झाली. हे प्रथिन पेशीला अन्नातून ऊर्जा मिळवून देते. मात्र ताण असह्य झाला की तेच मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पडून आपल्या पेशीचा मृत्यू घडवते, हे १९९६ मध्ये कळले. लग्नानंतर मुंबईत कमला सोहोनींनी नीरेतली जीवनसत्त्वे आणि लोह तपासले, कुपोषित आदिवासी मुलांना तिचा उपयोग दाखवला. १९९८ मध्ये त्या गेल्या. ताडांच्या आपल्या वसई-विरारने तरी त्यांना विसरू नये.