दुसरं नाव

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा आधी आपली प्रयोगशाळाच डोळ्यांसमोर आली. फॉर्मॅलिनचा वास, बरणीतला बेडूक आणि आपल्या जीवशास्त्राच्या बाई. दहावीनंतर मी इंजिनीअरिंगकडे वळले आणि बेडूक मागे राहिला. पण गेली काही वर्षं एका जीवशास्त्रज्ञ मुलीची गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. तीच सांगते.

हिल्डे प्रॉशोल्ट १८९८ साली जर्मनीतल्या गोथा गावी जन्मली. फ्रँकफुर्टला शिकत असताना तिने हान्स स्पेमान यांचं व्याख्यान ऐकलं आणि १९२० मध्ये ती त्यांच्याकडे फ्रायबुर्गला डॉक्टरेटसाठी दाखल झाली. सरांनी आधी दिलेला विषय होता हायड्रा आतून बाहेर उलटवण्याचा. तो काही जमेना. तिने दुसरा विषय मागितला.

हा दुसरा विषय न्यूटच्या भ्रूणांचा होता. न्यूट म्हणजे दिसायला सरड्यासारखा, पण बेडकाच्या नात्यातला पाणथळीचा प्राणी. त्याचं अंडं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं. काचेची बारीक सुई आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास, एवढीच हत्यारं. हिल्डेने फिकट रंगाच्या जातीच्या भ्रूणातून एका ठरावीक जागचा कणभर तुकडा काढायचा आणि तो गडद रंगाच्या जातीच्या भ्रूणात पोटाच्या बाजूला बसवायचा. रंग वेगळे असल्यामुळे कुठली पेशी कुणाची, हे पुढेही ओळखता येई.

अंडी फक्त वसंतात मिळत. अँटिबायोटिक्स नव्हती, त्यामुळे बहुतेक भ्रूण जंतुसंसर्गाने मरत. १९२१ आणि १९२२ अशा दोन हंगामांतून प्रबंधात मांडण्याजोगे उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. पण त्या भ्रूणांच्या पोटावर दुसरा भ्रूण आकार घेत होता! त्यात मज्जारज्जूची सुरुवात होती, पाठीचा कणाही घडत होता. मुख्य म्हणजे त्यातल्या बऱ्याचशा पेशी यजमानाच्या होत्या. इवल्याशा पाहुण्या तुकड्याने शेजारच्या पेशींना वेगळ्याच कामाला लावलं होतं. स्पेमान यांनी त्या तुकड्याला नाव दिलं ‘ऑर्गनायझर’, म्हणजे संयोजक. पेशी एकमेकींना काय व्हायचं ते कळवतात, हे त्यातून दिसलं. भ्रूणविज्ञानात आजही हा प्रयोग शिकवतात.

दरम्यान स्पेमान यांचे सहायक ओटो मांगोल्ड यांच्याशी तिचं लग्न झालं, मुलगा झाला, १९२३ मध्ये डॉक्टरेटही मिळाली. शोधनिबंध १९२४ साली छापला गेला. इतर विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावावर निघत. हिच्या निबंधावर मात्र सरांनी स्वतःचं नाव घातलं, तेही आधी. कल्पना त्यांची होती, हे खरं. पण हात तिचे होते. ते तिला लागलं.

त्याच वर्षी नवऱ्याच्या नोकरीसाठी ती बर्लिनला गेली. सप्टेंबरात बाळासाठी अन्न गरम करताना शेगडीचा भडका उडाला आणि त्यात ती गेली. सव्वीसही पूर्ण नव्हती. १९३५ चं नोबेल स्पेमान यांना एकट्यांना मिळालं. तिचा मुलगा पुढे दुसऱ्या महायुद्धात मरण पावला.

हे वाचून मी हळहळले, सरांवर चिडलेही. मग आठवलं, मागच्याच वर्षी माझ्या टीममधल्या एका नव्या मुलीने तीन आठवडे खपून एक चिवट बग शोधला होता. वरिष्ठांसमोर मांडताना मी ‘आम्ही शोधला’ म्हणून मोकळी झाले. दिशा मीच दिली होती, हे कारणही मनाशी तयार होतं. पुढच्या बैठकीत मी ते दुरुस्त केलं. ती नुसती हसली, पण त्यानंतर बैठकीत बोलायला लागली.

आठवतं का, विज्ञान प्रदर्शनात बेडकाच्या जीवनचक्राचा तक्ता आपण केला होता? निम्मं काम बाईंनीच करून घेतलं होतं. तरी खालच्या पुठ्ठ्यावर त्यांनी आपली चौघींची नावं लिहिली आणि स्वतःचं गाळलं. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं. बाई, आज वाटतं. संमेलनात भेटाल तेव्हा हेच सांगायचं आहे.